हजेरीपटापासून सुरुवात : शाळेत मुलांच्या मनाची काळजी घेणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

जूनमध्ये वर्गवाटप होतं तेव्हा कुणा एका शिक्षकाच्या वाट्याला 'मुलांचं समुपदेशन' येतं. सोबत मिळते एक रिकामी फाइल. प्रशिक्षण झालेलं नसतं, वेगळी खोली नसते आणि तास काही कमी होत नाहीत. सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतल्या अशा शिक्षकांनी नेमकं काय करावं, कोणत्या क्रमानं करावं आणि कुठं चुकतं, ते इथं लिहिलं आहे.

आधी कामाची हद्द ठरवून घ्या. शिक्षकानं निदान करायचं नाही, उपचारही करायचे नाहीत. मूल कोमेजलंय हे वेळेवर ओळखायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, नोंद ठेवायची, योग्य माणसापर्यंत त्याला पोहोचवायचं आणि नंतर विचारपूस चालू ठेवायची. या शेवटच्या कामातच बहुतेक शाळा कमी पडतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे आणि लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी पक्की जोडणी ठेवायची आहे. तुमच्या शाळेत समुपदेशक आलेला असला तरी तो दिवसभर वर्गात नसतो. मूल रोज दिसतं ते वर्गशिक्षकाला, म्हणून हे काम दोघांनी वाटून घ्यायचं.

पहिले पंधरा दिवस

दोन माणसं ठरवा, एक बाई आणि एक सर. पाचवीच्या पुढच्या मुली सरांकडे सहसा बोलत नाहीत, आणि आठवी-नववीचे मुलगे कधी बाईंकडे मोकळे होतात तर कधी अजिबात नाही. निवड मुलांना करू द्या. द्विशिक्षकी शाळा असेल तर केंद्रशाळेतल्या एखाद्या शिक्षकाशी आधीच बोलून ठेवा.

आठवड्यातल्या दोन ठरलेल्या वेळा काढा, प्रत्येकी अर्धा तास, आणि त्या फळ्यावर लिहा. मधली सुट्टी यासाठी वापरू नका. उदास मुलाचं खेळणं आधीच कमी झालेलं असतं, उरलेली वीस मिनिटं आपण काढून घेऊ नयेत.

जागा अशी हवी की बाहेरून दिसेल पण ऐकू जाणार नाही. मुख्याध्यापकांची खोली चालत नाही, कारण तिथं बोलावणं म्हणजे शिक्षा असंच मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. शिक्षकखोली तर त्याहून नको. खोली नसेल तर व्हरांड्याचं टोक किंवा लिंबाखालचा कट्टा पुरतो. सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या किंवा एक सतरंजी, आणि पाण्याचा तांब्या. समोरासमोर बसू नका, थोडं तिरकं बसा. मुलाला मान खाली घालायला जागा राहते.

दोनशे पानी पुठ्ठ्याची एक वही आणि कुलपाचं कपाट. वहीत नाव लिहायचं नाही, खूण लिहायची. खुणेची यादी वेगळ्या पाकिटात, मुख्याध्यापकांच्या कुलपात.

मग एका पुठ्ठ्यावर नंबर लिहा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. १४४१६ ही टेली-मानस. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली, चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येणारी मानसिक आरोग्य सेवा. (१८००-८९१-४४१६ हाही तिचाच नंबर.) पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. त्याखाली स्थानिक नंबर : हद्दीचं पोलीस ठाणं, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा तपासायला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचे डॉक्टर, गटसाधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष. लिहून झाल्यावर यातला प्रत्येक स्थानिक नंबर एकदा स्वतः लावून बघा. भिंतीवर रंगवलेला नंबर ऐन वेळी बंद निघतो, हे फार वेळा घडतं.

तक्रारपेटी शाळेत असतेच. ती कुठं लावलीय ते बघा. कार्यालयाच्या दारात किंवा कॅमेऱ्याच्या समोर असेल तर तिच्यात एक चिठ्ठी पडणार नाही. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर लावा, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी दोघांसमोर उघडा, आणि रिकामी असली तरी 'रिकामी' अशी नोंद करा.

हजेरीपट वाचायला शिका

मूल येऊन सांगत नाही. हजेरीपट मात्र सांगतो. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वर्गशिक्षकाबरोबर वीस मिनिटं बसा आणि मागचे तीस कामाचे दिवस आडवे वाचा. पाच किंवा अधिक सुटे खाडे असलेल्या नावापुढे पेन्सिलनं बारीक टिंब द्या. सलग आठ दिवसांचा खाडा बहुतेक वेळा ताप, लग्न किंवा गाव असतो. सुटे सुटे खाडे जास्त बोलतात.

आता टिंबांतून मनाशी संबंध नसलेली कारणं आधी बाजूला काढा, आणि हे घाईनं करू नका. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येण्याच्या दिवशी पहाटे उठून भरणारी मुलगी शाळेत पेंगते किंवा येतच नाही. तिचे खाडे पाण्याच्या वेळापत्रकाशी जुळतात. दर महिन्याला तीन-चार दिवस न येणाऱ्या मुलीचं दुखणं बहुधा शाळेच्या स्वच्छतागृहात असतं : कडी नाही, पाणी नाही, पॅड टाकायला डबा नाही. तिथं कडी बसवणं हेच समुपदेशन. दिवाळीपासून गायब झालेलं मूल आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेलं असू शकतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परतल्यावर त्याला वर्गात अनोळखी वाटणं साहजिक आहे. त्याला पहिल्या आठवड्यात एक ठरलेला सोबती द्या. विडी वळणाऱ्या घरांत माल द्यायच्या आदल्या दिवशी पोरींचे हात कामाला लागतात. हा बालमजुरीचा आणि गरिबीचा प्रश्न आहे, त्याला उदासीनतेचं नाव देऊ नये.

एवढं वजा करून जी टिंबं उरतात ती तुमची. त्यांत वार बघा. एका विषयाच्या चाचणीच्याच दिवशी खाडा असेल तर त्या विषयाची किंवा त्या तासाची भीती. खिचडी झाली की दप्तर उचलून जाणारं मूल मधल्या सुट्टीनंतरच्या कशाला तरी टाळतंय. सोमवारी न येणाऱ्या मुलाच्या घरी रविवारी काय होतं, हे हळूच समजून घ्यावं लागतं. आणि एखादं मूल शंभर टक्के हजर असतं, सगळ्यांत आधी येतं आणि शिपाई कुलूप लावेपर्यंत घुटमळतं. त्याच्या नावापुढेही टिंब द्या. त्याला घरी जायचं नसतं.

वर्गात काय दिसतं

लहान मुलांचं मन पोटातून बोलतं. पहिली ते चौथीत शाळेच्या वेळेला पोट दुखणं, सारखं लघवीला जाणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, शाळेच्या दारात आईचा पदर न सोडणं. पाचवीच्या पुढे चिडचिड, मारामारी, वर्गात झोपणं, डबा न खाणं, मैत्रिणींपासून तुटणं, एकदम घसरलेले गुण, भर उन्हाळ्यात लांब बाह्या. मुलग्यांमधली उदासी रागाच्या वेषात येते, म्हणून शाळेत ती 'उद्धटपणा' या नावानं नोंदली जाते आणि तिच्यावर शिक्षा होते.

एक मोजमाप लक्षात ठेवा. बदल सलग दोन आठवडे टिकला आणि त्यामुळे मुलाचं खाणं, झोप, अभ्यास किंवा खेळ यांतलं काहीतरी बिघडलं, तर बोलायची वेळ झाली. चंचलपणाबद्दल मात्र घाई करू नका. तो किमान सहा महिने आणि शाळा व घर दोन्हीकडे दिसत असेल तरच पुढे पाठवायचा. वाचन-लेखनात अडकणारं हुशार मूल आळशी ठरण्याआधी गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकांना दाखवा. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करून उपयोग होत नाही, हे सातवी-आठवीतच सुरू करा.

सोलापूरची गोष्ट : भाषा

इथं एका बाकावर तीन मातृभाषा बसतात. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, कुठं दखनी उर्दू, आणि शाळा मराठी. पहिलीतलं मूल महिनोन् महिने वर्गात तोंड उघडत नाही. काही शिक्षक त्याला मंद समजतात, काही लगेच आजार समजतात. दोन्ही चूक. नवी भाषा कानावर पडत असताना मूल काही महिने गप्प राहतं, ते स्वाभाविक आहे. पालकांना एकच प्रश्न विचारा : घरी, घरच्या भाषेत, हा भरपूर बोलतो का? बोलत असेल, आणि शाळेत खुणा करून का होईना मिसळत असेल, तर थांबा आणि त्याला त्याच्या भाषेचा सोबती द्या. घरीही बोलत नसेल तर कान आणि वाचा तपासायला पाठवा. घरी बडबड्या आणि शाळेत, भाषा कळू लागल्यावरही, महिन्यापेक्षा जास्त काळ दगडासारखा थिजलेला असेल तर ती चिंतेची एक ओळखलेली अवस्था असू शकते. 'बोल, बोल, सगळे बघतायत' असं म्हणून ती वाढते.

रडणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेतला एक शब्द पुरतो. तेलुगूत 'एमैंदि?', कन्नडमध्ये 'एनायितु?' एवढं विचारलं तरी खांदे खाली येतात. पुढचं तो मोडक्या मराठीत सांगेल. मात्र दुभाषा म्हणून त्याच्या वर्गातलं दुसरं मूल घेऊ नका. संध्याकाळपर्यंत सगळ्या बोळाला कळतं.

बोलायचं कसं

'तुला काय प्रॉब्लेम आहे?' या प्रश्नाला सोलापुरात एकच उत्तर आहे : 'काय नाय सर.' म्हणून प्रश्नानं सुरुवात करूच नका. जे दिसलं ते सांगा.

'दोन आठवडे बघतेय, तू मधल्या सुट्टीत डबा उघडत नाहीस. सुमीबरोबर बसायचीस, आता एकटी बसतेस. मला काळजी वाटली म्हणून बोलावलं. तू काही चुकलेली नाहीस.'

'काय नाय बाई.'

'बरं. बस जरा. पाणी पी.'

आता गप्प बसायचं. मनात वीसपर्यंत मोजा. नव्या शिक्षकाला ही शांतता सहन होत नाही आणि तो उपदेश सुरू करतो. तिथंच बोलणं संपतं. वीस झाल्यावरही काही आलं नाही तर, 'उद्या याच वेळेला मी इथं आहे' एवढं म्हणून सोडा. आणि उद्या खरंच तिथं असा. बरीच मुलं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बोलतात, तेही उठून जाताना, दारात.

बोलू लागलं की 'मग?', 'तेव्हा तुला कसं झालं?' एवढेच धागे द्या. 'का' हा शब्द टाळा, तो जाब विचारल्यासारखा लागतो. मुलांचे शब्द जसेच्या तसे धरा. 'जीव घाबरतो', 'पोटात गोळा येतो', 'करमत नाही', 'डोकं उठतं' असं ती म्हणतात. तुम्ही त्याला 'नैराश्य' म्हणून परत देऊ नका. 'यात काय एवढं', 'तुझ्यापेक्षा किती जणांचे हाल आहेत बघ', 'चांगल्या घरची तू' ही तीन वाक्यं जिभेवर आली तर गिळा.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका, ते मोडावं लागू शकतं. सुरुवातीलाच सांगा : 'तू सांगशील ते मी वर्गात किंवा शिक्षकखोलीत बोलणार नाही. तुला किंवा कुणाला धोका असेल तर मात्र मदत करणाऱ्या माणसाला सांगावं लागेल, आणि कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.'

पंधरा-वीस मिनिटांत थांबा. शेवटी ठरवा एक लहान गोष्ट : उद्या कुठं बसायचं, डबा कुणाबरोबर खायचा. वहीत चार ओळी पुरतात : तारीख, काय दिसलं, मूल काय म्हणालं (त्याच्याच शब्दांत), काय ठरलं. तुमचा अंदाज लिहू नका.

घाबरणं, चक्कर, 'अंगात येणं'

परीक्षेआधी एखाद्या मुलीचे हात गार पडतात, छाती धडधडते, श्वास पुरत नाही. तिला बसवा, दोन्ही पाय जमिनीला टेकवा. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत, तोंडानं सहा मोजेपर्यंत बाहेर. तुम्ही बरोबर करा, मोठ्यानं मोजा. तीन-चार मिनिटांत उतार पडू लागतो. मग दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. श्वास बाहेर सोडणं लांबवलं की शरीराला धोका टळल्याचं कळतं. नुसतं 'मोठा श्वास घे' म्हटलं तर ती भराभर आत ओढते आणि हातापायांना मुंग्या येतात.

नववी-दहावीच्या वर्गात एक मुलगी कोसळते आणि अर्ध्या तासात आणखी दोघी. गर्दी हटवा, बाकीच्या मुलींना मैदानात न्या, कोसळलेल्यांना वेगवेगळ्या खोल्यांत शांत बसवा. 'नाटक करते' म्हणू नका आणि 'अंगात आलंय' म्हणून हात जोडायलाही कुणाला बोलावू नका. मात्र आधी फिट नाही ना हे बघा. हातपाय झटकत असतील, डोळे फिरले असतील, तोंडाला फेस असेल तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ बघा. नाकाला कांदा-चप्पल लावू नका, दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

रोजची दहा मिनिटं

अडचणीतल्या मुलांसाठी वेगळं करण्याइतकंच सगळ्या वर्गासाठी रोज थोडं करणं गरजेचं आहे. परिपाठानंतर दहा मिनिटं. तीन मिनिटं श्वास, मग चिठ्ठीवर एक चेहरा काढायचा आणि डब्यात टाकायचा : हसरा, सपाट, रडका, रागीट, घाबरलेला. नाव लिहायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. 'आज कसं वाटतंय' हे उभं करून विचारू नका. पहिला जे म्हणेल तेच चाळीस जण म्हणतात. चिठ्ठ्या त्याच दिवशी वाचा. न वाचल्या तर आठवड्यात मुलांना कळतं आणि सगळे चेहरे हसरे होतात.

बाहेरून तज्ज्ञ बोलावून वर्षातून एक व्याख्यान ठेवलं की काम झालं, असं बऱ्याच शाळांना वाटतं. त्या एका तासानं मुलांच्या मनातलं वर येतं आणि मग ते ऐकायला कुणी नसतं. व्याख्यान ठेवायचं असेल तर पुढचे तीन दिवस तुमच्या दोन्ही वेळा मोकळ्या ठेवा.

छडी, अंगठे धरायला लावणं, वर्गासमोर नाव घेऊन अपमान हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद केलं आहे. ज्या शाळेत हे चालू आहे तिथं बाकी काहीही केलं तरी मूल तुमच्याकडे येणार नाही. सहकाऱ्यांशी हे बोलणं अवघड असतं, तरी बोलावंच लागतं.

पालकांना बोलावताना

वेळ त्यांची बघा. यंत्रमागावर पाळी असते, खाडा केला की त्या दिवसाचे पैसे जातात. विडीवाल्या आया ठरलेल्या वेळी माल द्यायला जातात. पाळी सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी बोलवा, नाहीतर स्वतः जा. घरी गेलात तर दारात उभ्यानं बोलू नका. शेजारी ऐकतात.

कुणाला बोलावायचं ते मुलाला विचारून ठरवा. वडील मारतात हे कळल्यावर वडिलांनाच फोन केला तर त्या रात्री मुलाला दुप्पट मार बसतो. कधी आई, कधी आजी, कधी मामा.

आधी मुलाचं एक चांगलं सांगा, खरं. मग दिसलेल्या गोष्टी तारखेसह. मग विचारा, 'घरी तुम्हाला काय दिसतं?' आजाराचं नाव घेऊ नका. 'बाहेरचं झालंय, देवाला दाखवलंय' असं म्हणाले तर वाद घालू नका. 'देवाचं तुम्ही करा, त्याबरोबर डॉक्टरांचंही करू. झोप नाही, जेवण नाही, ते तर डॉक्टरच बघतील ना?' हे बहुतेकांना पटतं. मारणं, उपाशी ठेवणं, चटके देणं असे उपाय चालू असतील तर मात्र तो मुलावरचा अत्याचार आहे, १०९८ ला कळवा.

सिव्हिलला पाठवताना

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सिव्हिलमध्ये, मनोविकार विभाग आहे. तालुक्यातून आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवून चिठ्ठी घ्या, आणि बाह्यरुग्ण विभागाचे वार विचारा. पंढरपूर, करमाळ्याहून एसटीनं यायचं आणि डॉक्टर नाहीत म्हणून परत जायचं, असं एकदा झालं की ते पालक दुसऱ्यांदा येत नाहीत. केसपेपर सकाळी लवकर काढावा लागतो. बरोबर आधार कार्ड, आधीचे कागद, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि तुमचं एक पानी पत्र. पत्रात फक्त दिसलेलं : कधीपासून, किती वेळा, झोप-जेवण-अभ्यास कसा. बंद पाकिटात द्या, पाकिटावर आजाराचा उल्लेख नको.

पालक 'वेड्याच्या डॉक्टरकडे' जायला तयार नसतील तर तिथंच बसून, त्यांच्याच फोनवरून, स्पीकर लावून १४४१६ लावा. मराठीची निवड करा. पहिलं बोलणं घरबसल्या झालं की सिव्हिलची भीती कमी होते. पौगंडातल्या मुलामुलींसाठी आरोग्य केंद्रांत 'मैत्री' क्लिनिक असतात, तीही वाट आहे.

सातव्या दिवशी विचारा : गेलात का? औषध मिळालं का? तिसाव्या दिवशी पुन्हा विचारा. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पालक आठव्या दिवशी बंद करतात. 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका' एवढं सांगणं तुमचं काम. वर्गात त्या मुलाला चोरून पाहणं नको, सवलतीचा गाजावाजा नको. पहिल्या बाकावर जागा आणि अपुरा गृहपाठ चालेल, एवढं पुरे.

जिथं त्याच क्षणी हलायचं

'मला जगावंसं वाटत नाही', 'मी नसले तर बरं' असं मूल बोललं, लिहिलं, चित्रात काढलं, किंवा आवडत्या वस्तू वाटू लागलं, तर सरळ विचारा : 'मरावं असं मनात येतं का? काही ठरवलंयस का?' असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट कुणीतरी नाव घेतलं म्हणून मूल सुटतं. उत्तर काहीही असो, त्याला एकटं सोडू नका. स्वच्छतागृहापर्यंतही सोबत जा. १४४१६ लावा, पालकांना बोलवा, त्यांच्या हातात मूल द्या, एकटं घरी पाठवू नका. पालकांना स्पष्ट सांगा की घरातली औषधं आणि शेतातली फवारणीची औषधं आजच कुलपात गेली पाहिजेत, आणि काही रात्री कुणीतरी जवळ झोपलं पाहिजे. 'ठरवलंय' असं उत्तर आलं किंवा इजा झालेली असेल तर थेट रुग्णालय. रागावू नका, शपथा घालू नका.

लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर चौकशी तुमची नाही. मूल सांगेल तेवढंच ऐका, 'तू सांगितलंस हे बरं केलंस, यात तुझी चूक नाही' म्हणा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, आरोपीला समोर बोलावू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत कैद व दंड. 'शाळेचं नाव जाईल', 'आपसात मिटवू' हे कोण म्हणतंय याला अर्थ नाही, अध्यक्ष म्हणत असले तरी. पालकांना धीर द्यायला हे सांगा : जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, गणवेश न घालता, आणि पालक किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस जवळ असतं. शाळेच्या सखी सावित्री समितीला (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमलेली समिती) आणि १०९८ ला कळवा. मुलाचं नाव व्हॉट्सअॅपच्या एकाही गटात जाता कामा नये.

परीक्षा, निकाल आणि बदली

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली की दहावी-बारावीची मुलं एकदम गप्प होतात. पूर्वपरीक्षेचे गुण वर्गात मोठ्यानं वाचू नका, एकेकाला हातात द्या. यंत्रमागाच्या खटखटीत घरी वाचता येत नाही अशा मुलांसाठी संध्याकाळी शाळेची एक खोली उघडी ठेवा. याचा उपयोग कुठल्याही भाषणापेक्षा जास्त होतो. जागरण करून वाचलेलं टिकत नाही, सात-आठ तास झोप हवी, हे मुलांइतकंच पालकांना सांगा.

निकालाच्या दिवशी शाळा बंद आणि शिक्षक सुट्टीवर असतात, आणि मुलं तेव्हाच सगळ्यांत एकटी असतात. आदल्या दिवशीच काळजी वाटणाऱ्या दहा-पंधरा मुलांची यादी फोन नंबरसह काढा, शिक्षकांत वाटून घ्या. निकाल लागल्यावर तासाभरात फोन करा आणि पुन्हा रात्री नऊला. गुण विचारू नका. 'जेवलास का? घरी कोण आहे?' विचारा, आणि पुरवणी परीक्षेची तारीख लागली की फॉर्म भरायला मी बरोबर येतो, हे सांगा.

मे-जूनमध्ये बदली झाली तर वही तशीच टेबलावर ठेवून जाऊ नका. बंद झालेली प्रकरणं मुख्याध्यापकांच्या कुलपात ठेवा. चालू असलेल्या प्रत्येक मुलासाठी एक पान लिहा : शेवटची भेट कधी, पुढची तपासणी कधी, घरात कुणाशी बोलायचं, कुणाशी नाही. त्या मुलाला आधी भेटून सांगा, 'मी आता इथं नसेन, पण बाई असतील, आणि तुला चालत असेल तर मी त्यांना एवढंच सांगेन.' नव्या माणसाशी गाठ स्वतः घालून द्या, पाच मिनिटांची का होईना. नवा हजेरीपट आला की वर्गशिक्षकाबरोबर बसा आणि जुन्यातली टिंबं पेन्सिलनं नव्यात उतरवा.